खांद्याखालची नळी

माझी बायको ब्लाऊज शिवायची. तिरोड्याच्या बाजारामागच्या गल्लीत आमचं घर आणि पुढच्या पडवीत तिचं मशीन. मी जवळच्या खेड्यातल्या शाळेत मास्तर होतो, पण पत्ता सांगताना लोक 'ब्लाऊजवाल्या बाईचं घर' असंच सांगत. लग्नसराईत खाटेवर कापडाचे इतके गठ्ठे साचायचे की निजायच्या आधी ते उचलून धानाच्या कोठीवर ठेवावे लागत.

तिची जीभ धारदार होती. एकदा एक बाई आवळणारा ब्लाऊज घेऊन भांडायला आली. म्हणे तुम्ही माझं कापड मारलं. बायकोनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बाई, कापड कमी नाई झालं, तूच जास्त झाली." ती बाई आधी लाल झाली, मग हसत सुटली आणि जाताना आणखी एक कापड टाकून गेली. तिच्यावर कोणाला फार वेळ रागावता येत नसे. मलाही कधी आलं नाही.

२००६ सालचा पावसाळा सरत होता तेव्हा तिचे पाय सुजायला लागले. दिवसभर मशीन चालवल्यानं होत असेल, असं तिनंच ठरवून टाकलं. मग तोंड सुजलं, अन्नावरची वासना गेली. आडवं पडलं की दम लागायचा म्हणून ती भिंतीला टेकून बसायची. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रिपोर्ट दोनदा वाचला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, घर मत जाओ. सीधे नागपूर ले जाओ." किडन्या दोन्ही गेल्या होत्या. रक्तदाब कितीतरी दिवस वाढलेला असणार, पण तो कधी कोणी मोजलाच नव्हता.

नागपुरात पोचल्या पोचल्या तिच्या मानेत उजवीकडून नळी घातली. डायलिसिससाठी अंगातून रक्त बाहेर काढायचं, मशीनमध्ये धुवायचं आणि परत अंगात सोडायचं, त्यासाठी तो रस्ता. बाहेर दोन शेपट्या लोंबत होत्या, एकीला लाल चाप, दुसरीला निळा. लालमधून रक्त जायचं, निळीतून परत यायचं. नळी ताठ होती आणि कानाखाली टाके घालून बसवलेली. मान वळवली की टाके ओढायचे. आठवड्यातून दोनदा आम्ही तिरोड्याहून पॅसेंजरनं नागपूरला जायचो. ती पदर मानेभोवती गुंडाळून खिडकीकडे तोंड करून बसायची. तरी समोरच्या बाकावरची माणसं वाकून वाकून पाहायची. एका म्हाताऱ्यानं शेवटी विचारलंच, "काऊन बाई, गळ्याले का झालं?" ती म्हणाली, "बाबा, माहेरून दागिना आला, दाखवू का?" म्हातारा मागे सरकून बसला. तिनं पदर आणखी घट्ट गुंडाळला आणि तोंड पुन्हा खिडकीकडे फिरवलं.

ती नळी तात्पुरती होती. खरा उपाय म्हणजे मनगटातली शीर धमनीला जोडून फिस्टुला करायचा. एकदा तो जमला की शीर फुगते, तिच्यातच सुया घालता येतात आणि अंगात नळी ठेवावी लागत नाही. डाव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. हात लावला की आत घुर्र घुर्र लागायचं. आमची मुलगी तेव्हा आठवीत होती. तिला आईच्या मनगटाला कान लावून बसायचा नादच लागला. "माय, तुह्या हातात मांजर बसली आहे," म्हणायची. काही आठवड्यांनी एका सकाळी बायकोनं मला हाक मारली आणि मनगट पुढे केलं. "पाहा बरं," म्हणाली, "मले लागून नाई राहिली." मलाही ती घुरघुर लागली नाही. शीर आतून गोठली होती. मग कोपरात दुसरा फिस्टुला केला, तोही धरला नाही. तिच्या शिरा बारीक होत्या. किडनी द्यायला मी तयार होतो, माझा रक्तगट जुळला नाही. तिच्या भावाचा जुळला, पण तपासणीत त्याला साखर निघाली. तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडला आणि हिनंच त्याला समजावलं.

म्हणून मग पक्क्या नळीचा विषय निघाला. दवाखान्यात तिला पर्मकॅथ म्हणत, आम्ही घरात पक्की नळीच म्हणायचो. नागपूरचे आमचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. कामाची गडबड असायची, पण समोरच्याला समजलं का, हे पाहिल्याशिवाय उठत नसत. त्यांनी टेबलाच्या खणातून नमुन्याच्या दोन नळ्या काढून आमच्यापुढे ठेवल्या.

बाहेरून दोन्ही सारख्या दिसत. आधीच्या नळीसारख्या ताठ नव्हत्या. मऊ होत्या आणि बोटाभोवती वळवता येत होत्या. मधे एका जागी पांढऱ्या लोकरी नमद्यासारखी छोटी पट्टी गुंडाळलेली. फरक होता तो आत हृदयाजवळ जाणाऱ्या टोकाला. एकीची दोन भोकं पायरीसारखी, एक मागे आणि एक पुढे. दुसरीचं टोक दुभंगलेलं. दोन वेगळ्या काड्या आणि प्रत्येकीच्या अंगाला बारीक बारीक भोकं.

"हिच्यात मागचं भोक रक्त ओढतं, पुढचं धुतलेलं रक्त सोडतं," डॉक्टर म्हणाले. "अंतर यासाठी, की धुतलेलं रक्त लगेच परत ओढलं जाऊ नये. घालायला सोपी, बदलायलाही सोपी. पण कधी कधी ओढणारं भोक शिरेच्या भिंतीला चिकटतं. मग लाल-निळं उलटं जोडावं लागतं. तसं केलं की धुतलेलंच रक्त पुन्हा धुतलं जातं, आणि अंगातली घाण अंगातच राहते."

"अन् हे दोन तोंडाची?" बायकोनं विचारलं.

"हिला सगळीकडून भोकं आहेत. एक चिकटलं तर दुसरं चालतं. धार चांगली मिळते. पण घालायला जास्त खटपट, आणि त्या बारीक भोकांत रक्त गोठून बसू शकतं."

"जास्त टिकते कोणती?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगू, गुरुजी? दोन्ही नळ्यांवर वर्ष-वर्ष चाललेले पेशंट माझ्याकडे आहेत. आणि दोन्ही महिन्याभरात काढाव्या लागलेलेही आहेत. नळी उघडताना हात किती स्वच्छ, यावर तिचं आयुष्य जास्त ठरतं."

बायको मधल्या पांढऱ्या पट्टीवर बोट फिरवत होती. "हे कायले?"

"ही कातडीखाली राहते. हिच्यात तुमचं मांस रुजतं आणि नळी जागच्या जागी धरून ठेवते. बाहेरचे जंतूही आत जाऊ देत नाही."

"म्हणजे अस्तर लावता तुमी."

"हो," डॉक्टर हसले, "अस्तरच."

"अन् बाहेर कुठं निघन?"

त्यांनी स्वतःच्याच छातीवर गळ्याच्या उजव्या हाडाखाली बोट ठेवून दाखवलं. ती थोडा वेळ तिकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तिथं ब्लाऊजची कड येते, घासन. दोन बोटं बाहेर घेता येत असन तं पाहा." डॉक्टरांनी मान डोलावली. तसं करता येईल, म्हणाले.

त्या वेळी पायरीची नळीच हाताशी होती, दुभंगलेली मागवावी लागली असती. मानेतली नळी आणखी ठेवण्यात धोका होता. म्हणून पायरीची घातली, बायकोनं सांगितलं होतं तशी दोन बोटं बाहेर.

दोन-चार डायलिसिस झाल्यावर, टाके सुकायची वाटही न पाहता, ती मशीनवर बसली. एक जुना ब्लाऊज उसवला आणि उजव्या बाजूला गळ्यापासून बाहीपर्यंत तिरपी फट घेतली. वर झाकण, त्याला आतून टिचबटणं. आता नळी उघडायची तर तेवढीच फट उघडली की काम व्हायचं. डायलिसिसच्या खोलीत बायका-पुरुष एकत्र असत, मधे पडदा असायचा तर असायचा. तोवर प्रत्येक वेळी तिला अर्धा ब्लाऊज काढून चादर पांघरून पडावं लागे. ते तिला सुईपेक्षा जास्त टोचायचं, हे मला तो नवा ब्लाऊज पाहून कळलं. ती कधी बोलली नव्हती.

त्याच सुमारास गोंदियात डायलिसिस सुरू झालं आणि आमचं नागपूरला जाणं कमी झालं. तिथं तिच्या शेजारच्या खाटेवर एक छत्तीसगढी बाई यायची. डोंगरगडच्या बाजूची, रेल्वेनंच यायची. अंगानं किडकिडीत, कपाळावर मोठं कुंकू. तिला दुभंगलेल्या टोकाची नळी होती, रायपूरला घातलेली. माझी बायको झाडीबोलीत बोलायची, ती छत्तीसगढीत, अर्धं एकमेकींना कळायचं नाही. पण पहिल्याच दिवशी त्या बाईचं लक्ष ब्लाऊजच्या फटीकडे गेलं, आणि पुढच्या खेपेला ती स्वतःचं कापड घेऊन आली. नंतर त्या खोलीतल्या बऱ्याच बायकांच्या अंगावर तिरप्या फटीचे ब्लाऊज दिसायला लागले.

दोघी आडव्या पडून आपापल्या नळ्यांची तुलना करायच्या. बायकोच्या नळीचं भोक पुन्हा पुन्हा चिकटायचं. मशीन ओरडायला लागायचं. टेक्निशियन धावत यायचा. "भाभी, गर्दन उधर घुमाओ. थोडा खांसो. हां, आ गया, हिलना मत." काही वेळानं पुन्हा तेच. शेवटी तो लाल-निळं उलटं जोडायचा. शेजारची बाई हसून म्हणायची, "मोर नली बने चलत हे. तोर ह रोज रिसा जाथे." माझी नळी छान चालते, तुझी रोज रुसते. बायको म्हणायची, "बदलून घे ना मंग माह्यासंगं, तुही मले दे."

पण नळ्या उलट्या जोडल्या की दुसऱ्या दिवशी तिला मळमळायचं, सगळ्या अंगाला खाज सुटायची. ती कंगव्यानं पाठ खाजवायची. जेवण समोरून सरकवायची. डॉक्टर म्हणाले होते तेच होत होतं. धुतलेलं रक्त पुन्हा धुतलं जात होतं.

मग एके दिवशी डायलिसिस सुरू झाल्यावर तिला थंडी भरली. दात वाजायला लागले, खाट हलायला लागली. तीन-तीन ब्लँकेटं टाकली तरी थंडी थांबेना. नळीत जंतू शिरले होते. नागपूरला दाखल केलं, नळी काढली. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी दुभंगलेल्या टोकाची मागवून घातली. ती भुलीच्या गुंगीतून बाहेर आली तेव्हा पहिला प्रश्न तिनं हाच केला, "दोन तोंडाचीच टाकली ना?"

त्या नळीनं आम्हाला एक चांगला काळ दिला. मशीन ओरडेनासं झालं. तिला भूक लागायला लागली. गावाबाहेर विजेच्या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं होतं, परप्रांतातून माणसं येऊन भाड्यानं राहत होती. त्यांच्या बायका शिवायला कापड आणायच्या आणि पडवीत तीन-चार भाषा एकदम चालायच्या. मुलीच्या दहावीच्या निरोप समारंभाला तिनं स्वतःच्या लग्नातली साडी काढली आणि तिच्यावर असा ब्लाऊज शिवून दिला की पोरगी आरशासमोरून हलेना. बायको दारात उभी राहून तिला पाहत होती. मी म्हटलं, "का पाहून राहिलीस?" म्हणाली, "माप घेऊन राहिली. लग्नात किती लागन ते."

त्या उन्हाळ्यात ती म्हणाली, मला मायकडे जायचं आहे. तिचं माहेर चिचगडचं, देवरीच्या पुढे जंगलात. आजार झाल्यापासून ती गेली नव्हती, आणि तिची आई इतकी थकली होती की तिला इकडे आणता येत नव्हतं. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांतच जाऊन यायचं आणि पाणी मोजकंच प्यायचं. आम्ही तिघं देवरीपर्यंत एका बसनं आणि पुढे दुसऱ्या बसनं गेलो.

सासूबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. लेकीला पाहून उठायला गेल्या, उठता येईना, म्हणून बसूनच हात पसरले. दोघी किती तरी वेळ तशाच बसून होत्या. घरात गेल्यावर सासूबाईंनी माठातलं गार पाणी आणलं. बायकोनं एक घोट घेऊन तांब्या माझ्याकडे दिला. त्यांनी पेज आणली, तीही तिनं नुसती ओठांना लावली. मग चारं, म्हणजे चारोळीच्या झाडाची पिकलेली फळं आणली. ही तिची लहानपणापासूनची आवड, आणि आता पथ्यात नेमकी वर्ज्य. तिनं एकच चार तोंडात टाकलं, डोळे मिटून चघळलं, आणि बाकीची पोरीच्या ओंजळीत ओतली.

"काऊन खात नाईस वो?" सासूबाईंनी विचारलं. "तुह्यासाठी धरून ठेवली होती."

मग तिनं फट उघडून नळी दाखवली. म्हातारीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तिनं बोटांनी चाचपलं. दोन्ही शेपट्या, चाप, चिकटपट्टीची कड. "दुखते का?"

"नाई माय."

"कवा निघन हे?"

बायको माझ्याकडे पाहत नव्हती. "निघन ना," ती म्हणाली, "बरी झाली का निघन."

"या दिवाळीले ये मंग. काढून ये."

"हो माय."

परतीच्या बसमध्ये तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. आमच्याकडे नवरा-बायको असं चारचौघांत बसत नाहीत, तिनंही कधी केलं नव्हतं. देवरी येईपर्यंत तिनं ते उचललं नाही.

पावसाळ्यात शेजारची छत्तीसगढी बाई यायची बंद झाली. एक खेप गेली, दुसरी गेली. त्या खाटेवर गोंदियाचे एक दुकानदार येऊ लागले. टेक्निशियनला विचारलं तर तो म्हणाला, "फोन आया था घर से," आणि नळ्या जोडायला लागला. तिचा एक ब्लाऊज शिवून तयार होता, हिरवा. गावाचं नाव तेवढं माहीत होतं, घराचा पत्ता कोणालाच नव्हता. बायकोनं तो घडी घालून पेटीत ठेवला. त्या दिवशी घरी येईपर्यंत ती मला एकच विचारत होती, "तिची तं नळी चांगली चालत होती ना? मंग का झालं?"

त्यानंतरच्या वर्षी सकाळी उठल्यावर तिचं तोंड सुजलेलं दिसू लागलं. मग उजवा हात सुजला, बांगड्या रुतायला लागल्या. डॉक्टरांनी फिल्म प्रकाशात धरून दाखवली. एवढे दिवस नळी राहून छातीतली मोठी शीर आतून अरुंद झाली होती. नळीचा दोष म्हणावा तर तसं नव्हतं. नळीशिवाय ती इतकी जगलीच नसती. उजवी बाजू सोडून डावीकडून नळी घातली. डावीकडून रस्ता लांब आणि वळणाचा. ती काही महिने कशीबशी चालली आणि मग तीही बंद पडली.

आता उरली मांडी. डॉक्टर म्हणाले, जांघेतून घालू. तिनं विचारलं, "मशीनवर बसता येईन?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "थोडा वेळ बसू शकाल. पण वाकून नाही, फार वेळ नाही. नळी दुमडते, आणि तिथं जंतू लवकर लागतात."

"मंग नको," ती म्हणाली.

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. मी समजावत होतो, मोटर लावून घेऊ, पाय मारायचं काम नाही. ती म्हणाली, "पायाचं नाई वो. मले बसताच नाई येणार." मग तिनंच विचारलं, "पोरीची बारावी कवा?" मी सांगितलं, मार्चमध्ये. ती उठली, पदर सारखा केला आणि पुन्हा आत जाऊन डॉक्टरांना म्हणाली, "टाका."

ते महिने ती बहुतेक वेळ पडूनच होती. मशीनवर मी चादर टाकली, तर तिनं ती काढायला लावली. एका रविवारी शेजारच्या घरची बाई ब्लाऊज घेऊन आली, नुसती बाजूची शिवण मारायची होती. बायको म्हणाली, "गुरुजी मारून देतीन." मी मशीनवर बसलो आणि ती खाटेवरून सांगत राहिली. "दोरा वर घ्या. आता हळू. हळू! कापड ओढू नका, ते आपलं आपलं जाते." शिवण वाकडी गेली. तिनं हातात घेऊन पाहिली आणि हसायला लागली. कितीतरी दिवसांनी ती इतकी हसत होती. शेजारीण हसली, पोरगी पुस्तक टाकून आली, मीही हसलो. "पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारता ना तुमी," ती म्हणाली, "आता मले बी मारू द्या." आणि तिनं ती शिवण दातानं उसवली.

बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या आठवड्यात तिला पुन्हा थंडी भरली. नागपूरला नेलं. मांडीतली नळी काढावी लागली. औषधं चालू होती पण ताप हटत नव्हता, आणि डायलिसिसला रस्ताच उरला नव्हता. डॉक्टर खाटेजवळ स्टुलावर बसले. म्हणाले, पाठीकडून मोठ्या शिरेत नळी घालायचा एक मार्ग आहे. इथं होत नाही, मोठ्या शहरात न्यावं लागेल. या अवस्थेत प्रवास झेपेल का, हे सांगता येत नाही.

मी लगेच म्हणालो, नेऊ. केव्हा निघायचं ते सांगा.

ती ऐकत होती. आवाज पार बसला होता. "डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "तुमी गंज काही केलं माह्यासाठी. आता माह्या अंगाले भोक पाडाले जागा नाई राहिली."

मी तिचा हात धरला आणि काय काय बोलत राहिलो. एकदा जाऊन पाहू, पोरीचा निकाल यायचा आहे, तुझी माय वाट पाहते आहे. तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "तुमी नळ्यांचं सारं समजून घेतलं. डॉक्टरपेक्षा जास्त विचारलं. आता हे बी समजून घ्या." आणि थोड्या वेळानं, "पोरीले बोलवा. तिची वेणी घालून देतो."

पोरगी खाटेला पाठ लावून बसली. सुजलेल्या बोटांनी वेणी काही धड झाली नाही, मधेच सुटली. पोरीनं ती तशीच ठेवली. बायको दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि वॉर्डात जेवणाच्या ताटांचा आवाज चालू होता.

तिरोड्याला आणली तेव्हा गल्ली बायकांनी भरली होती. त्रिशरण-पंचशील झालं. आमच्या समाजातल्या बायका होत्या, पोवार समाजातल्या होत्या, कारखान्याच्या वसाहतीतल्या हिंदी बोलणाऱ्या होत्या. कितीतरी जणींच्या अंगावर तिच्याच हातचं शिवलेलं होतं. सासूबाईंना चिचगडला निरोप पोचवायला तिचा भाऊच गेला. त्या म्हणे एवढंच विचारत राहिल्या, "नळी काढली होती का तिची?" त्यानं सांगितलं, काढली होती. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं."

काही दिवसांनी घरात उरलेल्या ड्रेसिंगच्या पट्ट्या आणि न उघडलेली औषधं घेऊन मी गोंदियाच्या डायलिसिस सेंटरवर गेलो. कोणाला तरी कामी येतील म्हणून. टेक्निशियननं माझा हात धरला. बाहेर बाकावर सडक अर्जुनीकडचा एक माणूस बसला होता. वय तिशीचं, हातात दवाखान्याची पिशवी. त्याच्या बायकोचं नुकतंच सुरू झालं होतं. मी जुना माणूस आहे हे कोणीतरी त्याला सांगितलं असावं. त्यानं जवळ सरकून विचारलं, "काका, डॉक्टर दोन प्रकारच्या नळ्या सांगून राहिले. कोणती टाकावी? मले काही समजून नाई राहिलं."

मी त्याला सगळं सांगितलं. पायरीचं टोक कसं असतं, दुभंगलेलं कसं. कोणत्या नळीचं काय बिघडतं. नळी उघडताना तोंडाला फडकं बांधायचं, चाप आधी लावायचा, आंघोळीचं पाणी तिथं जाऊ द्यायचं नाही. फिस्टुला जमत असेल तर आधी तोच करा, नळीवर राहू नका. तो प्रत्येक शब्द गिळल्यासारखा ऐकत होता. बोलताना माझा आवाज एकदाही अडखळला नाही. वर्गात शिकवतो तसं मी शिकवत होतो.

दार उघडं होतं, आतल्या खाटेवरून त्याची बायको आमच्याकडे पाहत होती. पोरसवदा होती. मानेत नळी, पदर गुंडाळलेला.

"तुमच्या घरी कोणती होती?" त्यानं विचारलं.

"आधी पायरीची, मग दोन तोंडाची."

"आता कशा आहेत काकी?"

ती बाई ऐकते आहे हे मला दिसत होतं. "बरी आहे," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम उजळला. त्यानं वळून बायकोकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, ऐकलंस ना, अशी. तीही हसली. मी पिशवी उचलली, त्याला जयभीम केला आणि स्टेशनकडे निघालो. गाडीला वेळ होता. फलाटावर एक बाई मला ओळखून जवळ आली आणि विचारायला लागली, लेकीच्या लग्नाचे ब्लाऊज द्यायचे आहेत, बाई घरी असतात का आजकाल? तिला काय सांगितलं ते मला आता आठवत नाही.